धनुष्याची ढलपी

सीतास्वयंवरात शिवधनुष्य मोडलं तेव्हा भरल्या सभेत राजे होते, ऋषी होते, भालदार-चोपदार होते. पण 'थांबा, टाकू नका, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, तो जोडून देईल' असं म्हणणारा एकही जण निघाला नाही. यावरून त्या दिवशी मिथिलेत मराठी माणूस हजर नव्हता, हे सिद्ध होतं. नंतर परशुराम आले. परशुराम म्हणजे तर आमच्या कोकणचे. पण तेही 'कुणी मोडलं?' एवढंच विचारत राहिले. 'कुठं मोडलं? रेषेत चिरलंय की आडवं गेलंय? तुकडे ठेवलेत ना?' हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुढं लग्नाच्या गडबडीत त्या तुकड्यांकडं कुणी पाहिलं नाही. आमच्याकडं असते तर ते माळ्यावर गेले असते, जुन्या टेबलफॅनशेजारी, 'लागतील कधीतरी' म्हणून.

आमच्या घरातलं धनुष्य शिवाचं नव्हतं. जव्हारकडच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं हातानं घडवलेलं, धामणीच्या लाकडाचं साधं धनुष्य होतं. धामण म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं चिवट झाड. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात. वाकतं, पण पटकन मोडत नाही, अशी त्याची ख्याती. हस्तकलेच्या प्रदर्शनात मी ते घेतलं तेव्हा त्या कारागीरबाबांनी बजावून सांगितलं होतं, "काम झालं की दोरी उतरवायची. उन्हात टाकायचं नाही. आणि बाण न लावता कोरं ओढून सोडायचं नाही." मी मान डोलावली. दुकानदार मिक्सर चालवून दाखवतो तेव्हाही मी अशीच डोलावतो.

मग नाशिकहून मेव्हणा आला.

मेव्हण्याचं धनुर्विद्येचं सगळं शिक्षण 1987 ते 1990 या काळात, रविवारी सकाळी, दूरदर्शनसमोर मांडी घालून झालेलं. त्या अभ्यासक्रमात अग्निबाण होते, पर्जन्यबाण होते, दोन बाण आभाळात समोरासमोर येऊन बराच वेळ एकमेकांकडं बघत थांबायचे. बाण न लावता दोरी सोडली तर काय होतं, हा धडा मात्र नव्हता. उलट तिथं प्रत्येक वीर युद्धाआधी हौसेनं तेच करायचा.

"दाजी, टणत्कार ऐका," असं म्हणून त्यानं दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

बाण लावलेला असला की धनुष्यात साठलेला जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की त्या जोराला जायला जागा नसते. तो उलटून धनुष्याच्याच अंगावर येतो. त्यामुळं टणत्कार झाला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक आवाज झाला, जो कुठल्याही पुराणात नाही. 'चट्'.

"काही झालं का रे?"

"छे! दोरीचा आवाज."

एरवी चार दिवस राहणारा मेव्हणा त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला.

तो गेल्यावर मी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मुठीच्या वर वीतभर अंतरावर एक ढलपी उठली होती. रुंदी करंगळीच्या नखाएवढी, लांबी काडेपेटीएवढी. बोटानं दाबली की गुपचूप बसायची, धनुष्य जरासं वाकवलं की पुन्हा डोकं वर काढायची. आतलं लाकूड फिकट, कोरं, नुकतंच उजेडात आलेलं. फटीत बसचं तिकीट सरकवून पाहिलं, ते निम्मं आत गेलं. तिथं लाकडात एक बारीकशी गाठ होती. झाडाचे रेषे तिला वळसा घालून गेले होते आणि घडवताना त्या वळशावरच थोडे तिरके कापले गेले होते. रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड असली तर ती ताण सोसते. मध्येच तुटलेली असली की ओढाताणीत तिचं टोक सुटतं आणि वर येतं.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. नेमाच्या बाजूची ती पाठ, आपल्या बाजूचं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दबतं. म्हणजे पाठीला ओढाताण आणि पोटाला चिमटा. हे कळल्यापासून मला त्या धनुष्याबद्दल नुसती हौस नव्हे, तर आपलेपणा वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरीकाका भेटले.

"काय हो, चेहरा का उतरलाय?"

"धनुष्याला तडा गेलाय."

काकांनी लिफ्टमध्ये इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, ते केव्हाच झालं की. 2023 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं निकालसुद्धा दिला. तुम्ही आत्ता का मनाला लावून घेताय?"

"काका, मी आमच्या घरच्या धनुष्याबद्दल बोलतोय."

"घरचंच होतं हो ते," काका म्हणाले. "म्हणून तर एवढं झालं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. 'बी विंगमधले धनुष्य गेले' असा मजकूर असल्यामुळं सुरुवातीला चार-पाच जणांनी हात जोडले आणि एकानं अंत्ययात्रेची वेळ विचारली. खुलासा झाल्यावर उपाय यायला लागले. मराठी माणसाला डॉक्टरकी, क्रिकेट आणि दुरुस्ती या तीन विषयांत शिक्षणाची अट नाही. एकानं तिळाच्या तेलात भिजवायला सांगितलं. एकानं हळद आणि चुना लावायला सांगितला. एकानं नेहमीप्रमाणे सूर्योदयाचं चित्र टाकून सुप्रभात म्हटलं, आणि सगळ्या सल्ल्यांत निरुपद्रवी तोच निघाला.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर मात्र जातीनं आले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. त्यांनी धनुष्य उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि कागद मागितला.

"दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी. आरपार चार बोल्ट. खाली वॉशर. जन्मात हलणार नाही."

"पण मग वाकेल का?"

"वाकायला कशाला पाहिजे? वाकल्यामुळंच तर तुटलं ना ते!"

या युक्तिवादात चूक कुठं आहे हे सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती. भोक पाडलं की उरलेसुरले रेषेही तुटतील, असं मी हळूच म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी चहा टाकायला आत गेलो.

पहिल्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर राहतात. ते येऊन बसले, ढलपीवर बोटानं टकटक केली आणि खुलले. "लहान मुलांची हाडं अगदी अशीच मोडतात. एका बाजूनं तडकतात, दुसऱ्या बाजूनं नुसती वाकतात. आम्ही ग्रीनस्टिक म्हणतो त्याला. ओल्या फांदीचं लक्षण." मग सवयीनं त्यांनी विचारलं, "कसं झालं? कुणी ओढलं होतं का?"

मी तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "खुंटीवरून पडलं म्हणून लिहा हो डॉक्टर!"

माहेरची बाजू अशी पक्की असावी लागते. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. फी घेतली नाही, त्यामुळं मी तो सल्ला मानला नाही.

मग सुतार. सुताराला फोन केला की तो 'उद्या सकाळी येतो' म्हणतो. त्याला वाईट हेतू चिकटवू नये. ही त्याची नमस्कार म्हणायची पद्धत आहे. अखेर तो आला आणि धनुष्य हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या वडिलांनी रंधा, पटाशी आणि वाकस यांवर संसार केला होता. याच्या पिढीला प्लायवूडच्या पलीकडचं लाकूड वर्षातून एखाद्या वेळी दिसतं.

"साहेब, हे भरीव लाकूड आहे," तो दचकून म्हणाला.

"हो. जोडता येईल का?"

"बारीक चुका मारू का?"

"चिरेल ना!"

"मग वरून सनमायका मारून देतो. तडा दिसणारच नाही. साग फिनिश का अक्रोड?"

त्यानं टेप काढून धनुष्याचं माप घेतलं, ते कानामागच्या पेन्सिलीनं आमच्याच भिंतीवर लिहिलं आणि उद्या येतो म्हणून गेला.

बायकोचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. "शोकेसवर लावा आणि मोडकी बाजू भिंतीकडं करा. आपल्याकडं येणाऱ्यांपैकी कोण धनुष्य उतरवून मागं बघणार आहे?" सांगायला हवं की या तत्त्वावर आमच्या घरातला सोफा, भिंतीवरचं घड्याळ आणि फ्रीजचा डावा कोपरा गेली कित्येक वर्षं अब्रूनं जगत आहेत.

पण मला दुरुस्तीची जिद्द चढली होती. चार पुस्तकं चाळल्यावर कळलं की पाठीवरची ढलपी ही मुळात साधी गोष्ट. ती उपटून काढायची नाही. धनुष्य किंचित वाकवून फट उघडायची, पाण्यासारखा पातळ, झटपट धरणारा गोंद तिच्या तोंडाशी सोडायचा. फट तो आपणहून आत ओढून घेते. मग धनुष्य सरळ करून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायचं. गोंद सुकला की त्यावरून रेशमी धाग्याचे वेढे द्यायचे. झालं.

'झालं' हा शब्द लिहिणाऱ्यानं स्वतः तो गोंद वापरलेला नसावा. या गोंदाचा इतिहासच वाह्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन हाताला लागलं, पण ते ज्याला त्याला चिकटायला लागलं, म्हणून कटकट नको म्हणत बाजूला टाकलं. 1951 मध्ये त्यांच्या एका सहकाऱ्यानं त्याच रसायनाची तपासणी करताना एका महागड्या उपकरणाचे लोलक एकमेकांना कायमचे चिकटवले, आणि तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की हा बिघाड नसून माल आहे. 1958 मध्ये तो बाजारात आला. त्याला धरायला थोडीशी ओल लागते. ओल लाकडात कमी आणि घाबरलेल्या माणसाच्या अंगठ्यावर जास्त असते.

त्यामुळं फट जुळायच्या आत माझा डावा अंगठा धनुष्याला जुळला. एकलव्यानं निदान गुरूसाठी दिला होता. मी तसाच, धनुष्य धरलेल्या अवस्थेत, 'अगं, जरा ये' म्हणत हॉलमध्ये उभा असताना बेल वाजली. दार उघडायला दुसरं कुणी नव्हतं. समोर कुरिअरवाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, धनुष्याकडं पाहिलं, पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि ओटीपी न मागता जिन्यानं खाली उतरला. लिफ्ट मजल्यावरच उभी होती.

अंगठा सोडवला तो नेलपॉलिश काढायच्या द्रावणानं. त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि ते या गोंदाला सैल करतं. बाटली मुलीची. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी सांगा, मी आधीच लावून ठेवीन."

ढलपी मात्र झकास बसली होती. नख फिरवलं तरी लागत नव्हती. आता प्रश्न वेढ्यांचा. रेशमी धागा घट्ट, एकाला एक लागून, वर न चढता आणि शेवटी गाठ न मारता गुंडाळणारा माणूस या शहरात कोण? उत्तर घरातच, बायकोच्या गळ्यात होतं. पटवेकरी! पोत गाठवणारा, मंगळसूत्र ओवणारा, गोंडे बांधणारा.

जुन्या पेठेतल्या एका बोळात, दोन सराफी दुकानांच्या मधल्या फळीवर ते बसतात. मी गेलो तेव्हा समोर बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात कागदाची पुडी, माझ्या हातात साडेपाच फुटी धनुष्य. रांगेतल्या एका काकूंनी मायेनं विचारलं, "अहो, तुमच्या मिसेसचं नक्की किती तोळ्यांचं आहे?"

पटवेकऱ्यांनी मात्र भुवईसुद्धा वर केली नाही. "मुलामा नाही ना वर?" एवढं विचारलं आणि धनुष्य आडवं मांडीवर घेतलं. मरून रंगाच्या रेशमाची लड काढली, तिचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि धाग्याला पीळ देत ताण धरला. आधी धाग्याचा एक लांब फास लाकडावर उभा ठेवला. त्याच्यावरून वेढे सुरू झाले. धागा फिरत नव्हता, मांडीवर धनुष्यच फिरत होतं, आणि दर चार-पाच वेढ्यांनी पटवेकरी अंगठ्याच्या नखानं वेढे मागं रेटत होते. शेवटी धाग्याचं टोक त्या फासातून ओवलं आणि फासाची दुसरी बाजू झटक्यात ओढली. टोक वेढ्यांखाली गडप. गाठ नाही, शेपूट नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. रांगेतल्या काकू म्हणाल्या, "माझंही असंच करा हो."

मग त्यांनी मोती पारखायचं भिंग डोळ्याला लावलं, धनुष्य उलटं केलं आणि म्हणाले, "साहेब, वरचं राहू द्या. खालचं बघितलंत का?"

पोटावर, ढलपीच्या बरोब्बर मागच्या बाजूला, केसाएवढ्या आडव्या रेघा पडल्या होत्या. एकाखाली एक. पाठीवरची ढलपी हे गाऱ्हाणं होतं. दुखणं हे होतं. दबून दबून तिथलं लाकूड चुरडलं होतं, आणि चुरडलेल्या लाकडाला ना गोंद उपयोगी पडतो ना धागा.

या रेघांवर सगळ्यात जुना आणि सगळ्यात शहाणा सल्ला मला मिळाला तो एका इंग्रजाकडून. रॉजर अ‍ॅस्कम. पुढं हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक झाला. यानं 1545 मध्ये धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' नावाचं पुस्तक लिहिलं. राजा आठवा हेन्री त्यावर इतका खूश झाला की त्यानं लेखकाला वर्षाला दहा पौंडांचं पेन्शन बांधून दिलं. मराठी लेखकांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये, त्रास होतो. त्याच वर्षी याच राजाचं 'मेरी रोझ' हे जहाज बुडालं. त्याचा सांगाडा 1982 मध्ये वर काढला. त्या जहाजातली शंभराहून अधिक धनुष्यं अखंड मिळाली. चारशेहून जास्त वर्षं समुद्राच्या तळाशी राहून अखंड! तिथं मेव्हणा पोहोचू शकला नव्हता.

तर हा अ‍ॅस्कम म्हणतो की पोटावर असे चिमटे दिसू लागले की त्या जागेला हात लावू नका. तिच्या शेजारचं लाकूड थोडं थोडं खरवडा. म्हणजे तेही वाकायला लागेल, भार वाटला जाईल आणि चिमटे तिथंच मरतील. धनुष्य मोडतं ते कमजोर जागी, असं आपण समजतो. तसं नसतं. बाकीचे ताठ उभे राहतात म्हणून एकाच जागेला सगळ्यांच्या वाटणीचं वाकावं लागतं, आणि मग ती जागा मोडते.

हा शोध मी भाजी निवडणाऱ्या बायकोला उत्साहानं सांगितला. तिनं गवारीची शेंग मोडली.

"हे तुम्हाला धनुष्य मोडल्यावर कळलं?"

"म्हणजे?"

"काही नाही. मला लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं होतं."

मी बाल्कनीत गेलो.

खरवडायचं म्हणजे कुठं आणि किती, हे डोळ्यांनी ठरवायचं असतं. त्यासाठी धनुष्य भिंतीतल्या जाड खुंटीवर मुठीपाशी टेकवून आडवं ठेवतात, दोरीला आकडा लावतात, आकड्याला बांधलेली दुसरी दोरी खालच्या कप्पीतून फिरवून दूर उभं राहून ओढतात, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघतात. दूर अशासाठी की चिरलेलं धनुष्य फुटलं तर त्याचे तुकडे कुठं जातील हे ते आधी सांगत नाही. कप्पी कपडे वाळत घालायच्या दांडीची काढली. ताण मोजायला रद्दीवाल्याचा लटकता काटा मागून आणला. सुरक्षेसाठी मोटारसायकलचं हेल्मेट घातलं. पुण्यात भर दुपारी, कुणी दंड करत नसताना, स्वखुशीनं हेल्मेट घालून उभा राहिलेला माणूस बघायला समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी गॅलरीत आली होती. एकानं फोटो काढला. तो ग्रुपवर आला तेव्हा खाली मजकूर होता : 'उन्हाळ्याची तयारी.'

काम मात्र मोठं सुखाचं. बाटलीच्या काचेचा तुकडा लाकडावर उभा धरून ओढायचा. कुरकुरीत, पापडाहून पातळ सालपं गळतात. जास्त घेतलं तर परत लावता येत नाही, म्हणून चार ओढी खरवडायचं आणि पुन्हा खुंटीवर चढवून बघायचं. सुरुवातीला वरची बाजू मुठीजवळ काटकोनात कलायची आणि पुढं सरळसोट उभी. इंजिनिअरसाहेबांना ते उभं लाकूड फार आवडायचं. "इथं बघा कसं मजबूत आहे! याला का खरवडताय? दोष त्याचा आहे का?" आयुष्यात कधीही न वाकलेल्या माणसांना एकमेकांबद्दल असा जिव्हाळा असतो. मी खरवडत राहिलो. हळूहळू ते ताठ लाकूड कुरकुरत नमायला लागलं. दोन्ही बाजूंची कमान एकमेकींना शोभायला लागली, आणि पोटावरच्या रेघा होत्या तेवढ्याच राहिल्या, वाढल्या नाहीत.

लाकूड गेलं तसा जोरही गेला. आधी पुरतं ओढायला काट्यावर सोळा किलो लागायचे, आता अकरा. काटा परत न्यायला रद्दीवाला आला, त्यानं आकडा वाचला आणि मान हलवली. "लाकडाला भाव नाही साहेब. पुठ्ठा असला तर सांगा."

हे सगळं झाल्यावर मला वाटलं, कारागीरबाबांना कळवावं. त्यांच्या नातवाचा नंबर प्रदर्शनात घेतलेला होता. फोटो पाठवले. पाठीचा, पोटाचा, मरून रेशमाचा तर तीन कोनांतून. थोड्या वेळानं फोन आला, पलीकडं बाबा.

"कोरं ओढलं ना कुणी?"

"मेव्हण्यानं."

"मेव्हणेच ओढतात," बाबा म्हणाले. "पोटाला खरवडलंय कुणी?"

"मी."

"बरं खरवडलंय." मला पद्मश्री मिळाल्याचा आनंद झाला. "पण एवढा खटाटोप कशापायी? आमच्याकडं मोडलं की चुलीत घालतो नि दुसरं करतो. पहिल्यांदाच फोन केला असता तर चार दिसांत नवं आलं असतं."

नवं आलंसुद्धा. त्याची किंमत आणि जुन्याच्या दुरुस्तीचा खर्च यांची बेरीज-वजाबाकी बायकोनं फ्रीजच्या दारावर चिकटवली आहे, डाव्या कोपऱ्यावरच, म्हणजे तोही झाकला गेला. गोंद, अ‍ॅसिटोन, रेशीम, रिक्षा, भिंतीला पुन्हा रंग, असं धरून दुरुस्तीच्या पैशात नवी दोन धनुष्यं आली असती आणि वर बाण.

तरीही जुनं टाकलेलं नाही. अकरा किलोंचं असल्यामुळं ते मुलीलाही ओढता येतं आणि तिचा नेम माझ्याहून बरा आहे. तुमच्याकडं असं एखादं धनुष्य असेल तर आधी त्याची दोरी उतरवा, मग ते उलटं करून पोट तपासा. पाठीवर ढलपी असेल तर पटवेकऱ्यांचा पत्ता मी आनंदानं देईन. पोटावर रेघा असतील तर काचेचा तुकडा आणि हेल्मेट दोन्ही माझ्याकडं पडून आहेत, घेऊन जा. तडा पाठीवरून आडवा गेला असेल तर ओढून बघण्याचा मोह करू नका. भिंतीवर लावा, मोडकी बाजू आत. सुताराचा नंबर मात्र मागू नका. तो उद्या येणार आहे.